एक चकती

माझी थोरली बहीण हाँगकाँगला घरकाम करते. दर नाताळाला तिचं खोकं गावी येतं आणि त्यात डुकराच्या मांसाचे हवाबंद डबेच जास्त असतात. तातांगना, म्हणजे आमच्या वडिलांना, त्याची तळलेली चकती जीव की प्राण. त्यांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा डॉक्टरांनी असली चरबी आणि खारवलेलं सगळं बंद केलं. नानांगने, म्हणजे आईने, उरलेले डबे कपाटात कोंडले आणि किल्ली गळ्यातल्या क्रुसाशेजारी अडकवली.

"अगं, पोरीने घाम गाळून पाठवलंय. एक चकती दे!" नानांग ताट वाढायला लागली की तातांग म्हणायचे.

"घाम पोरीचा, पण चरबी तुमच्या काळजात साठते. शेवग्याचा पाला खा मुकाट्याने."

"पाला खाऊन खाऊन शेळी झालोय मी."

"शेळी तर शेळी. जिवंत तरी आहे ना!"

दोन पावसाळे तातांगनी पाला खाल्ला. मग एका सकाळी ते झोपेतून उठलेच नाहीत.

नवव्या दिवशी त्यांच्या फोटोपुढे आवडीचं ताट ठेवायचं होतं. नानांगने गळ्यातली किल्ली काढली, अख्खा डबा फोडला आणि जाड जाड चकत्या खरपूस तळल्या.



"घ्या," ती फोटोला म्हणाली, "आता काही होत नाही तुम्हाला."