अंगणातली पावलं

"निहार, खाली उतरायचं नाही," वृषालीने ओसरीवरूनच दटावलं. लेकाला स्वतःच्याच अंगणात खेळू न देण्याचे दिवस आले होते. मुलं जिथे खेळताना दिसतील ती जागा नगरपालिकेचं आभाळातलं यंत्र क्रीडांगणासाठी आरक्षित करून टाकायचं. शेजारच्या दाभाडेकाकांची निम्मी जागा नातवंडांच्या एका सुट्टीतच गेली होती.

निहारने भोकाड पसरलं. जमिनीला पाय न लागलेलं मूल यंत्र खेळणाऱ्यांत धरायचं नाही. वैतागून तिने त्याला खांद्यावर घेतलं आणि ती अंगणभर पळत सुटली, तेही वाकडंतिकडं. सरळ पायवाट दिसली की यंत्र तिथे रस्ता आखायचं. निहार खिदळू लागला.

"हळू गं पोरी," कुंपणापलीकडून दाभाडेकाका म्हणाले. "आता हसणंही मोजतात मेले."

वृषालीने चटकन लेकाच्या तोंडावर हात ठेवला. हाताखाली तो तरीही हसतच होता.