वाक्यातली मोकळी जागा

"परत काईतरी येडंवाकडं आलंय बघ," म्हणत सिंधुबाईंनी मोबाईल लेकीपुढं धरला.

आम्रपालीनं पाहिलं. 'अण्णांची नाडी निल.'

अण्णा म्हणजे तिचे वडील, शहादेव. चकलांब्याला शेतातल्या घरी ते सध्या एकटेच होते. सिंधुबाई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बीडला लेकीकडं आल्या होत्या. अण्णांना मागं हृदयाचा झटका येऊन गेलेला, म्हणून आम्रपालीनं त्यांच्या मनगटाला नाडी मोजणारा पट्टा बांधला होता आणि आईच्या जिवाला घोर नको म्हणून स्वतःच एक ॲप लिहिलं होतं. वाक्यात जागा मोकळी सोडायची. पट्ट्याकडून आकडा आला की ॲप तो तिथं भरतं.

सकाळीही त्यानं अशीच खोडी काढली होती. 'अण्णांची नाडी ऑप्शनल ७४.' आकडा येईलच याची खात्री नसली की ॲप तसला शब्द त्याला चिकटवतं, हे तिनं समजावल्यावर दोघी हसल्या होत्या.

"सकाळचंच दुखणं हाय," ती आता म्हणाली. "पट्टा सैल झाला असंल. आकडा न्हाई आला की निल लिहितंय ते."

सिंधुबाईंनी अण्णांना फोन लावला. तो वाजून वाजून बंद झाला. सांजच्या या वेळी अण्णा मोटार चालू करायला विहिरीवर जात आणि फोन घरातच ठेवत, हे दोघींना ठाऊक होतं. तरी सिंधुबाई चप्पल शोधू लागल्या. चकलांब्याला जायला गेवराईची गाडी अजून मिळेल, जाऊन बघून येते, म्हणाल्या.

"ऑपरेशनचा डोळा घेऊन कशापायी पळतीस? थांब जरा."

आम्रपालीनं लॅपटॉप उघडला आणि एक ओळ बदलली. आकडा नसेल, तर आधीचाच दाखव.

'अण्णांची नाडी ७४.'

सिंधुबाईंनी चप्पल जागेवर ठेवली. त्या रात्री त्यांनी भाकरी जरा जास्तच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या शेतातल्या धुळाजीचा फोन आला. आधी तो नुसताच रडला. मग म्हणाला, काल सांजच्याला अण्णा विहिरीत पडले. पट्टा तुटून काठावरच पडलेला होता.

आम्रपाली भिंतीला टेकली. म्हणजे निल आलं तेव्हाच सगळं संपलं होतं. आई गेली असती तरी काय हाती लागलं असतं, असं ती मनाला समजावू लागली.

"लगेच गेले का, काका?"

"न्हाई, पोरी. रातभर कपारीला धरून व्हते. आत्ता दिवस उगवताना हाका ऐकून मी पळत गेलो, तवा माझ्या डोळ्यादेखत हात सुटला."