पाठीवरची पिसं

“डॅडी, मम्मी दुपारी घरी येतेय. ही पिल्लं आता खुराड्यात सोडा ना,” शॅनन म्हणाली. “खाट कुठे लावू मी?”

“पाठीवर अजून पिसं नाय आली,” ॲन्सेल्म म्हणाला आणि खोलीतल्या बल्बखालच्या खोक्याशी तसाच बसून राहिला.

धडधडीत खोटं. पिल्लं अंगानं भरली होती, बल्बची ऊब नकोशी होऊन कोपऱ्यात पळत होती. गिरीजच्या वाडीत जन्म गेलेल्या माणसाला एवढं कळत नव्हतं असं नाही. पण खोली रिकामी झाली की खाट लागणार, खाट लागली की एलिसा येणार. आई बरी होऊन येतेय या आनंदात पोरीनं नवी चादर आणली होती. आता उपाय उरला नाही, घरीच न्या, हे डॉक्टरांनी ॲन्सेल्मला एकट्यालाच सांगितलं होतं. ते त्यानं पोटातच ठेवलं. एलिसाला तर कळूच द्यायचं नव्हतं.

पिल्लं तिनंच आणली होती, इस्पितळात जायच्या आदल्या दिवशी. शॅनन चिडली होती. ज्यानं जन्मात स्वतःचा चहा केला नाही, त्याच्या गळ्यात हे लोढणं कशाला? एलिसा नुसती हसली. खोक्यात पसरलेलं भाताचं तूस कधी बदलायचं, बल्ब थोडा थोडा वर कसा घ्यायचा, सगळं तिनं नवऱ्याला पढवलं. पहिलं पिल्लू दगावलं तेव्हा तो पोरासारखा रडला. बाकीची मात्र त्यानं जगवली.

शॅननने एक पिल्लू उचललं आणि त्याची पाठ बापापुढे धरली. पिसं दाट होती. ॲन्सेल्म उठला आणि खोकं परसात घेऊन गेला.

दुपारी एलिसाला उचलूनच आत आणावं लागलं. खाटेच्या वर बल्बची वायर अजून लोंबत होती.

“खुराड्यात घातली?” तिनं ॲन्सेल्मला विचारलं.

“सकाळीच. आधी ओरडली, मग खायला लागली.”

त्यानं बशीत ओतून दिलेला चहा तिनं घोटभर घेतला.

“कोणी केला?”

“मीच. तू बरी झालीस ना, की अंडी तूच...”

एलिसानं त्याचा हात धरला. बोटांना तूस चिकटलं होतं.

“डॉक्टर मला पिल्लं आणायच्या आधीच बोलले होते,” ती म्हणाली. “म्हणून तर आणली.”