दुधाला खूण नाही

"अजून किती विचारशीन वो माय?" तुळसाबाई ओट्यावरच लवंडली. दिवसभर सोयाबीन सोंगून कंबर मोडली होती, आणि समोर शेजारची कशिश वही उघडून बसलेली.

कशिशही थकलीच होती. मानवशास्त्राचं प्रात्यक्षिक सोमवारी द्यायचं आणि शुक्रवारी एजाजशी निकाह. मालेगावातली सहा घरं फिरून झाली. जो तो विचारी, "कोणती योजना आली?" योजना नाही म्हटल्यावर कोणी बस म्हटलं नाही.

"तुह्यंच घर शेवटचं, मावशी."

"पण हे शिकून करतं काय?"

"याच्यात चार शाखा असतात. कोणी माणसाची हाडं, रक्त तपासते. कोणी जमिनीत गाडलेल्या जुन्या वस्तू उकरते. कोणी बोली ऐकते. अन् मी विचारतो, कोण कोणाचं कोण लागते. मंग नात्याचा नकाशा काढतो, बाईले गोल, माणसाले त्रिकोण. मेलं त्याच्यावर काट."

"अन् दूध पाजलं त्याले?"

"त्याले खूण नाही."

"काहून नाही?" तुळसाबाई उठून बसली. "माही पयली पोरगी चार दिवसांची गेली. दुधानं छाती ठणकायची, जीव नको व्हायचा. तवाच वहाबभाईची बायको बाळंतपणात गेली. त्याईच्या एजाजले मी महिनाभर पाजलं. दोन वर्षांनं माहा विकास झाला, तवा तू जन्मली. तुही माय तापानं बेशुद्ध, तू भुकेनं निळी पडली होती. तुले बी दोन दिवस पाजलं. लिही, दोघं बी माह्ये."

तान्हेपणी एका बाईचं दूध प्यालेले दोघं भाऊ-बहीण होतात. त्यांचा निकाह होत नाही, मग बाई कोणत्याही धर्माची असो. हे कशिशच्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल. तुळसाबाईला कुठून ठाऊक असणार? एजाज कशिशला मनापासून आवडत होता.

"मावशी, हे कोणाकोणाले माईत हाये?"

"एजाजचं वहाबभाईले माईत हाये. तुह्यं कोणालेच नाही."

"अम्मीले बी नाही?"

"ते कुठं शुद्धीत होती? मी बी बोललो नाही. उपकार काय सांगत फिरायचे? आजलोक कोणी विचारलंच नाही, बाप्पा. तूच पयली."

कशिशनं वही मिटली. पुन्हा उघडली. शेवटी तिनं तुळसाबाईच्या गोलाखाली एजाजचा त्रिकोण काढला. शेजारी स्वतःचा गोल.

तुळसाबाईनं वाकून पाहिलं. डोळे पदरानं पुसले.

"शुक्रवारी घेऊन ये हे वही," ती म्हणाली. "साऱ्या मंडपाले दाखवतो."