मुरलेला मोगरा

आई गेली आणि अण्णांनी अन्न सोडलं. म्हणून शिवानीनं नांदेडात हुडकून आईचं मोगऱ्याचं अत्तर मनगटावर लावून घेतलं. "घासू नका, ताई. मुरू द्या," दुकानदार म्हणाला. बसमध्ये ती हुंगत राहिली. लोह्याला वास हिरवा, उग्र. अहमदपूरला नुसताच गोड. लातूरला उतरली, तेव्हा हुबेहूब आई. अण्णांसमोर मांडी घालून तिनं दूधभाकरीचा घास धरला. त्यांनी डोळे मिटून मनगट हुंगलं, तोंड उघडलं. "दानम्मा, आलीस व्हय?" आईचं नाव. नाही म्हणावं तर घास थांबेल. "हाव," ती म्हणाली. ताट संपलं. अण्णांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आपल्यात मेलेल्याला बसवूनच माती देतेत. लई दिवस मांडी घालून बसलीस गं. आता पाय मोकळे कर." शिवानीनं पाय पसरायला घेतले, हलेनात. तिनं मनगट हुंगलं. मोगरा उडाला होता. ओली माती उरली होती.