नाल्यावरच्या पुलाचा नारळ

निमंत्रणपत्रिकेत नाव नव्हतं, तरी माजी महापौर त्रिंबकराव कडक इस्त्रीचा सदरा घालून नाल्यावरच्या पुलाच्या भूमिपूजनाला आले. व्यासपीठावर कुणी बोलावेना, म्हणून शेवटच्या रांगेत बसले. मान्यवरांची नावं पुकारली जात होती, तेव्हा दर नावाला ते अर्धवट उठायचे आणि पुन्हा टेकायचे.

नव्या महापौर सुलभाताईंनी नारळ दगडावर आपटला. फुटला नाही. पुन्हा आपटला, तर तो हातातून निसटून घरंगळत खड्ड्यात गेला. लोक तोंडाला रुमाल लावू लागले. मुहूर्त टळतोय म्हणून भटजींची चुळबुळ सुरू झाली.

कुणीतरी नारळ खड्ड्यातून काढून ताईंच्या हातात दिला, तेवढ्यात त्रिंबकराव गर्दीतून वाट काढत पुढे आले. "आणा इकडे, ताई." त्यांनी नारळ हातात जरासा फिरवला आणि एका फटक्यात दोन स्वच्छ वाट्या केल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. किती वर्षांनी ऐकला त्यांनी तो.

"हात चांगलाच बसलाय तुमचा, अण्णा," सुलभाताई ओशाळून म्हणाल्या.

"बसणारच," त्रिंबकरावांनी समोरचा माइक जवळ ओढला. "याच पुलाचे आधीचे तिन्ही नारळ मीच फोडलेत."