केशरी धार

औषधाची सुई टोचलेल्या म्हशीचं दूध ओतून द्यायचं, हे पारूबाईंच्या अंगात मुरलेलं. गंगीची धार केशरी उतरली, तशा त्या बादली घेऊन गटाराकडे निघाल्याच.

"काकू, ओतू नका!" गुरांच्या डॉक्टर रेवतीताई धावल्या. "सुई गंगीसाठी नव्हतीच, तुमच्या सुनेसाठी होती. माणसांच्या एकाही औषधाला जंतू आता दाद देत नाहीत. हे औषध थेट घेतलं तर आपल्याला विष. गंगीच्या अंगातून दुधात उतरलं, की तेच लागू पडतं."

बाळंतपणाच्या तापानं फणफणलेल्या सुनेला पारूबाईंनी वाटीभर दूध पाजलं. दुपारी तिला दरदरून घाम फुटला. पारूबाईंनी पदरानं तिचं कपाळ टिपलं. कपाळ गार लागलं, आणि पदर केशरी झाला.

गोठ्यात गंगी निवांत रवंथ करत होती. पारूबाईंनी सुनेच्या उशाशी बसूनच गंगीला हात जोडले.